पहारा शब्दांवर, सुरुंग वाक्याखाली

दरवर्षी २७ फेब्रुवारी उजाडला की पिंपरी-चिंचवडच्या गृहनिर्माण संस्थांपासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम झडू लागतात. कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला पुष्पहार, एखादे व्याख्यान आणि त्यानंतर हमखास ती स्पर्धा: ‘एकही इंग्रजी शब्द न वापरता दोन मिनिटे बोला.’ ‘शिफ्ट’ म्हणणारा बाद, ‘बस’ म्हणणारा बाद, ‘भ्रमणध्वनी’ म्हणणारा विजयी. टाळ्या वाजतात, नारळ दिला जातो आणि मराठीचे रक्षण त्या वर्षापुरते पार पडते. स्पर्धेला आमचा विरोध नाही. करमणूक म्हणून ती बरीच आहे. तक्रार आहे ती ही की, भाषेच्या रक्षणाविषयीची आपली सारी कल्पनाच या स्पर्धेएवढी होऊन बसली आहे. शब्द कोठून आला एवढेच आपण विचारतो. तो शब्द ज्या वाक्यात बसला आहे ते वाक्य कोणत्या भाषेचे आहे, हा प्रश्न विचारण्याचे मात्र कोणाच्या मनातही येत नाही.

दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिले, या पट्ट्यातील कोणत्याही कारखान्यात पाळी बदलताना कानी पडावे असे: ‘सेकंड शिफ्टवाल्यांनी डाय नीट सेट न करताच लाईन चालू केली, म्हणून एवढं रिजेक्शन आलं.’ दुसरे, अशाच कारखान्यांच्या भिंतींवर चकचकीत फलकावर आढळावे अशा धर्तीचे: ‘सर्व कर्मचाऱ्यांद्वारे ही खात्री केली जावी की त्यांच्याद्वारे सुरक्षा उपकरणे परिधान केली गेलेली आहेत.’ पहिल्या वाक्यात सहा इंग्रजी शब्द आहेत, दुसऱ्यात एकही नाही. स्पर्धेचा परीक्षक पहिल्याला बाद ठरवील आणि दुसऱ्याला बक्षीस देईल. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. पहिले वाक्य अस्सल मराठी आहे; दुसरे मराठी शब्दांत लिहिलेले इंग्रजी आहे.

हे विधान केवळ चमत्कृतीसाठी केलेले नाही. पहिल्या वाक्याची हाडे तपासून पाहा. ‘शिफ्ट’ या परक्या शब्दाला ‘वाले’ जोडून त्याचे सामान्यरूप केले आणि ‘नी’ हा प्रत्यय लावून त्याला कर्ता बनवले. ‘न करताच’ यातील ‘च’ पाहा. निष्काळजीपणाचा सगळा आरोप त्या एका अक्षरात आहे. इंग्रजीत तो सांगायला आवाज चढवावा लागेल. ‘लाईन’ला मराठीने स्त्रीलिंग दिले, म्हणून क्रियापद ‘केली’ झाले. ‘रिजेक्शन’ला नपुंसकलिंग दिले, म्हणून ‘एवढं’ आणि ‘आलं’. ही लिंगे इंग्रजीने दिलेली नाहीत, इंग्रजीत ती आहेतच कोठे? ती दिली लातूर, बीड, जळगाव, यवतमाळहून पोटासाठी येथे आलेल्या माणसांनी, कोणत्याही समितीची बैठक न घेता. शेवटी ‘म्हणून’ या एका अव्ययाने कारण आणि परिणाम यांची गाठ मारून वाक्य संपले. परके सहा शब्द मराठीच्या दारात आले, मराठीने त्यांना आपले कपडे घातले आणि कामाला जुंपले.

आता दुसरे वाक्य. ‘द्वारे’ दोनदा, कारण मूळ इंग्रजीत कर्मणी रचना होती. ‘ही खात्री केली जावी की’, कारण मूळ इंग्रजीत तसे होते. ‘केली गेलेली आहेत’ हा क्रियापदांचा ढीग, कारण मूळ इंग्रजीत तेवढी सहायक क्रियापदे होती. मराठीला सूचना द्यायची असते तेव्हा तिच्याकडे स्वतःची, शतकांची घडलेली साधने आहेत: ‘-आवे’, ‘-ऊ नये’, ‘-शिवाय’. ‘हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय कोणीही आत येऊ नये.’ संपले! या वाक्यात ‘हेल्मेट’ आणि ‘बूट’ हे दोन्ही शब्द साहेबाचे आहेत, पण वाक्य आपल्या आजीचे आहे. गावाकडून भेटीला आलेल्या कामगाराच्या आईला दोन्ही फलक मोठ्याने वाचून दाखवावेत आणि तिला कोणता कळतो ते पाहावे.

शालेय व्याकरणात शब्दविचार आणि वाक्यविचार अशी दोन प्रकरणे असत, आणि परीक्षेत दुसऱ्याला गुण कमी असल्यामुळे आपण ते वगळत आलो. भाषाशास्त्र मात्र या दोहोंत फार मोठा भेद करते. शब्दसंग्रह हा भाषेचा बाजार आहे. तेथे रोज नवा माल येतो, जुना जातो, उधारीही चालते. त्यातही नामे सर्वांत सहज येतात, क्रियापदे त्यापेक्षा कमी आणि प्रत्यय तर क्वचितच. वाक्यरचना हा भाषेचा सांगाडा आहे. इंग्रजीचेच उदाहरण घ्या. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील काही शतकांत फ्रेंच व लॅटिन शब्दांचा असा लोंढा आला की आजच्या इंग्रजी शब्दकोशातील मोठा भाग त्यांनीच व्यापला आहे. तरीही इंग्रजीला कोणी फ्रेंचची बहीण म्हणत नाही. ती जर्मन कुळातीलच राहिली, कारण तिची सर्वनामे, सहायक क्रियापदे, वाक्य जोडण्याची रीत तिची स्वतःची राहिली. आणि हे सांगायला युरोपात जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त हेच मांडले की, अर्थाचा अखंड घटक वाक्य हाच आहे आणि पदे ही आपण समजावून सांगण्यासाठी त्यातून वेगळी काढतो. ज्या परंपरेत हा विचार एवढ्या खोलवर झाला, तिच्या वारसांनी भाषाप्रेम म्हणजे शब्दांची मोजदाद असे ठरवावे, ही थट्टाच म्हणायची.

चाकणची खरी जुनी ओळख मोटारींची नव्हे, कांद्याची आहे. तेथील बाजारात कोणीही सहज बोलेल असे वाक्य: ‘दलालाने कांद्याचे वजन करून बाजारभावाप्रमाणे हिशेब दिला.’ यातील ‘दलाल’, ‘वजन’ आणि ‘हिशेब’ अरबी, ‘बाजार’ फारसी. खळ्यावरून गोणी भरून आणणाऱ्या शेतकऱ्याला ते परके वाटत नाहीत, आणि त्याने ते परके मानावेत असे सांगण्याची आमची हिंमतही नाही. ‘हिशेब दिला’ यात क्रियापद हिशेबाप्रमाणे चालले, दलालाप्रमाणे नव्हे. हा मराठीचा कर्मणी प्रयोग आहे. शब्द सुलतानाच्या दरबारातून आले, पण त्यांना मराठीच्या पंगतीत मराठीच्या रीतीने मांडी घालून बसावे लागले.

नाथमहाराजांनी तर दरबारी अर्जाचा साचा आणि त्याची फारसी शब्दकळा उचलून ‘अर्जदास्त’ हे भारूड रचले. पैठणच्या वाळवंटात ते ऐकणाऱ्यांना हे परक्या भाषेतले आहे असे वाटले नसणार, कारण वाक्य त्यांचे होते. पण येथेच थांबून ‘मग शब्दांची चिंता कशाला?’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हाला कोणी बसवू नये. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी राजपत्रांत निम्म्याहून कितीतरी अधिक शब्द फारसी-अरबी असत. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून सुमारे १,४०० शब्दांचा ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि काही वर्षांतच ते प्रमाण निम्म्याच्या खाली आले. राज्य आपले असेल तर राज्याचे शब्दही आपले असले पाहिजेत, ही त्यामागची दृष्टी होती. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत भाषाशुद्धीची चळवळ उभारली ती याच धाग्याला धरून. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे शब्द आज पिंपरी-चिंचवड महापालिकेचा शिपाईही सहज वापरतो आणि ते कोणी घडवले हे त्याला ठाऊक नसते. घडवलेल्या शब्दाला याहून मोठे यश कोणते?

मात्र सावरकरांचे नाव घेऊन जे चालले आहे त्याचा सावरकरांशी संबंध नाही. ‘महापौर’ हा शब्द त्यांनी मराठी वाक्यात बसवण्यासाठी घडवला: महापौरांनी, महापौरांचा, महापौरांकडे. परक्या वस्तूबरोबर आलेल्या आणि ज्याला प्रतिशब्द नाही अशा शब्दाला त्यांची ना नव्हती. आक्षेप होता तो आपले शब्द असताना उसने घेण्याला. आणि ज्याने लिहायचे तो मराठीतच विचार करून लिहिणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. तेच गृहीत आज खोटे ठरले आहे. आज इंग्रजी वाक्य समोर ठेवतात, त्यातील एकेक शब्द उपटतात, त्या खड्ड्यात संस्कृत शब्द खोचतात आणि त्याला भाषाशुद्धी म्हणतात. ही शुद्धी नव्हे, परक्याच्या घराला आपला रंग देणे आहे. राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला. त्यावर पुष्कळ टीका-टवाळी झाली, तरी त्यातील कितीतरी शब्द रुळलेही. कोशांची रांग लागली. पण सरकारी मराठी वाक्य कसे लिहावे याची काळजी त्या मानाने फारच थोडी घेतली गेली, आणि म्हणून परिपत्रकातील शब्द मराठी होत गेले तसतसे परिपत्रक कळेनासे होत गेले. कारखान्यांच्या कार्मिक विभागांनी पुढे गिरवला तो हाच कित्ता.

शब्द आणि वाक्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी चालतात, याचे सगळ्या जगाने अभ्यासलेले उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत सामावले आहे आणि चाकणसारखेच औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. तेव्हा ते तीन-एक हजार वस्तीचे गाव होते. गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी तेथील बोलण्याचा अभ्यास करून १९७१ मध्ये तो प्रसिद्ध केला. गावात जैन आणि लिंगायतांची कानडी, मुसलमानांची उर्दू, दलितांची व भूमिहीनांची मराठी आणि थोड्या घरांची तेलुगू. सामायिक व्यवहार मराठीत. शतकानुशतके एका शिवारात नांदल्यामुळे काय झाले? प्रत्येकाने आपले शब्द जपले, कारण शब्द ही घराण्याची खूण होती. पण वाक्ये एकमेकांच्या इतकी जवळ आली की एका बोलीतील वाक्यातले शब्द जागच्या जागी बदलले की दुसऱ्या बोलीतील वाक्य तयार होई. आपण ‘कापून घेऊन आलो’ म्हणतो तेथे तिथली उर्दू ‘काट के ले के आया’ म्हणते आणि कानडीही त्याच क्रमाने त्याच तीन पायऱ्या चढते.

या अभ्यासातून दोन निष्कर्ष निघतात आणि आपल्याला दोन्ही पचवायला हवेत. पहिला सुखावणारा आहे. शब्द कोठूनही येवोत, या मातीत रुजलेल्या भाषेचे वाक्य ही माती घडवते. दख्खनी उर्दूचे पाहा. ‘कल आता बोलके बोला’ हे वाक्य लखनौच्या माणसाला खटकेल, पण ‘उद्या येतो म्हणून म्हणाला’ असे म्हणणाऱ्याला ते आपले वाटेल. शब्द उत्तरेचे, त्यांतील कित्येक अरबस्तान-इराणातून आलेले, आणि रचना दख्खनची! अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ मध्ये ‘भाषिक क्षेत्र म्हणून भारत’ या आशयाचा निबंध लिहून हेच देशपातळीवर दाखवले की, वेगवेगळ्या कुळांतल्या भारतीय भाषांनी सहवासाने एकमेकींच्या रचनेच्या लकबी उचलल्या आहेत. आपण ‘जेवणबिवण’ म्हणतो, कानडी माणूस ‘ऊटगीट’ म्हणतो. आपल्याला भूक ‘लागते’, तमिळ माणसालाही भूक चतुर्थीतच लागते. इंग्रजाप्रमाणे तो ‘भुकेला असत’ नाही. उत्तर आणि दक्षिण यांच्यात भाषेची अभेद्य भिंत आहे असे सांगून ज्यांनी आपली दुकाने थाटली, त्यांनी शब्दकोश दाखवला. वाक्य दाखवले असते तर दुकान चालले नसते.

दुसरा निष्कर्ष मात्र झोप उडवणारा आहे. कुपवाडच्या माणसांना आपले वाक्य बदलत आहे हे जाणवले नाही. शब्द जपले की भाषा जपली, असे त्यांनाही वाटत असणार. शब्दाची चोरी लगेच दिसते; वाक्याची चोरी होऊन गेल्यावरही पत्ता लागत नाही. चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर मावळ्यांनिशी शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेला सुमारे ५६ दिवस झुंजवले. तटावर आणि दरवाजावर पहारा चोख होता. गड गेला तो बुरुजाखाली भुयार खणून उडवलेल्या सुरुंगाने.

आजच्या सुरुंगाची दारू दोन ठिकाणांहून येते. एक इंग्रजी, जिचे वर वर्णन केले. तिच्यात आता भर पडली आहे संगणकाकडून होणाऱ्या भाषांतराची. बटण दाबले की पानभर मजकूर, शब्द निर्दोष आणि वाक्य परके. दुसरी हिंदी. येथे सावधपणे बोलले पाहिजे, कारण हिंदीशी वैर हा आमचा विषय नाही आणि उत्तर भारतातून येऊन लोखंडाशी झुंजणाऱ्या कष्टकऱ्याशी तर नाहीच नाही. शिवाय देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. भोसरीच्या चहाच्या टपरीवर बिहारचा मुलगा ‘मेरे को जाने का है’ म्हणतो. त्याच्या गावी ही रचना नाही. हे आपले ‘मला जायचे आहे’ आहे, हिंदीच्या वेषात. मराठीने त्याच्या वाक्यात शिरकाव केला आणि त्यालाही तो कळला नाही. पण आपल्या वाक्याचे काय होत आहे? ‘मी तुला मदत करतो’चे ‘मी तुझी मदत करतो’ झाले. ‘चालेल’चे ‘चालून जाईल’ झाले. ‘मला कळले’चे ‘मला माहीत पडले’ झाले. ‘माझ्याच्याने होणार नाही’ हे केवढे सुंदर मराठी! त्याचे ‘माझ्याशी होणार नाही’ झाले. या वाक्यांत एकही हिंदी शब्द नाही. पाटीवरील अक्षर मोजणारा पहारेकरी त्यांना सलाम ठोकून आत सोडील. हिंदी आणि मराठी यांचा मोठा आराखडा एकच असल्यामुळे बारीक सांध्यांतील ही घुसखोरी ओळखू येत नाही. परक्यापेक्षा चुलत भावाच्या कपड्यांची अदलाबदल लवकर होते, तसेच हे. (विदर्भातील बांधव ‘करून राहिलो’ म्हणतात तेव्हा पुण्याच्या माणसाने नाक मुरडू नये. ती त्यांच्या बोलीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली रचना आहे. मुरलेले लोणचे आणि कालची नासलेली भाजी यांत फरक असतो.)

‘भाषा प्रवाही असते, ती बदलायचीच’ असे सांगणारे विचारवंत येथे पुढे सरसावतील. बदलते, मान्य. ‘तो म्हणाला की’ या रचनेतील ‘की’ फारसीच्या प्रभावाने रुळला असे अनेक अभ्यासक मानतात, आणि तो आज आपला आहे. या लेखातही आहेच. परंतु तो रुळायला शतके गेली आणि ‘असे तो म्हणाला’ ही जुनी रीत त्याने मारली नाही. दोन्ही उभ्या राहिल्या, लिहिणाऱ्याला निवड मिळाली. आज जे होत आहे त्यात निवड नाही. एक रचना येते ती दुसरीला हाकलूनच, आणि बोलणारा ती निवडत नाही. भाषांतर करणाऱ्याच्या आळसाने ती त्याच्यावर लादली जाते. प्रवाह आणि सांडपाणी यांना एकच नाव देणे हा भाषाविज्ञानाचा नव्हे, सोयीचा सिद्धान्त आहे. काठावर देहू-आळंदी वसलेल्या इंद्रायणीचे आज काय झाले आहे हे ज्यांनी पाहिले, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागू नये.

यात गमावण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्यांसाठी एक अगदी साधे उदाहरण. इंग्रजी ‘वुई’ला आणि हिंदी ‘हम’ला जी सोय नाही ती मराठीला आहे. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. कामगारांच्या द्वारसभेत पुढारी ‘आम्ही काम बंद करू’ म्हणाला की व्यवस्थापनाला दिलेला इशारा असतो, ‘आपण काम बंद करू’ म्हणाला की ते कामगारांना आवाहन असते. शेंबडे पोरही यात चुकत नाही. आता कारखान्याच्या दारावरील इंग्रजी ब्रीदवाक्याचा अनुवाद वाचा: ‘आम्ही सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य देतो.’ हा फलक कोणासाठी आहे? आत जाणाऱ्या कामगारासाठी. आणि त्यातील ‘आम्ही’ने त्यालाच बाहेर काढले! सुरक्षितता ही मालकाची गोष्ट, तुझी नव्हे, असे तो फलक त्याला रोज सकाळी सांगतो. अनुवादकाचा एकही शब्द चुकलेला नाही. चुकले आहे ते व्याकरण, आणि त्याबरोबर नाते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे १०८ वे कलम सांगत असे की, कायद्यान्वये लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. पण जुन्या कायद्यातील ‘समजणाऱ्या’ हे विशेषण आम्हाला फार मोलाचे वाटते. कायद्याने मराठी शब्द मागितले नव्हते, समजणारी भाषा मागितली होती. ‘गार्ड उघडे असताना प्रेस चालवू नये’ हे समजते. ‘संरक्षक आवरण अनावृत्त असण्याच्या स्थितीत यंत्राचे परिचालन टाळले जाणे आवश्यक आहे’ हे वाचून होईपर्यंत प्रेस खाली आलेली असेल. कंत्राटी कामावर कालच लागलेल्या पोराची बोटे शब्दसंग्रहाने वाचत नाहीत.

पाट्यांचा लढाही असाच अर्ध्यावर संपला. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आंदोलने झाली, पाट्या बदलल्या. लढा योग्यच होता. पण तळेगाव-चाकण रस्त्याने जाताना वाचा: ‘फॅमिली गार्डन रेस्टॉरंट अँड बार’. लिपी मराठी झाली. शब्द इंग्रजीच, आणि वाक्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. लिपी, शब्द आणि वाक्य हे तीन वेगळे कोट आहेत. सर्वांत बाहेरचा जिंकून आपण गुलाल उधळला.

शाळांतही तेच. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, हे उत्तमच झाले. पण इंग्रजी शाळेतील मुलाला मराठीच्या तासाला मिळते काय? फळांची नावे, फुलांची नावे, रंगांची नावे. त्याला पन्नास नामे पाठ येतात आणि घरी येऊन तो म्हणतो, ‘आई, मी तहानलेला आहे’. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे त्याला येत नाही. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असे तो म्हणतो, जणू भाऊ खिशात घेऊन फिरतो. याउलट कानडी किंवा तमिळ घरातून आलेल्या मुलाला वाक्याचा साचा घरूनच मिळालेला असतो. त्याला हवे असतात फक्त शब्द, आणि ते तो सहा महिन्यांत मैदानावर गोळा करतो. परभाषकांना मराठी शिकवण्याचे वर्ग काढणाऱ्यांनी यावरून धडा घ्यावा आणि पहिल्या दिवशी अंकलिपीऐवजी ‘मला’, ‘म्हणून’, ‘-ऊन’ आणि ‘-च’ शिकवावेत.

खरे सांगायचे तर आम्हाला या पट्ट्यातील कामगाराच्या मराठीची चिंता वाटत नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनची जर्मन मोटार तयार होऊ लागली. प्रत्येक लाटेबरोबर शब्द आले आणि प्रत्येक वेळी कामगाराने ते पचवले. तो ‘ड्रिल मारतो’, ‘टॅप मारतो’, ‘डबल शिफ्ट मारतो’ आणि क्वचित ‘दांडीही मारतो’. एका ‘मारणे’ या क्रियापदाने त्याने अर्धे यंत्रशास्त्र मराठी करून टाकले. जपानी ‘कायझेन’ आला, तर महिन्याला ‘किती कायझेन दिले’ हे तो विचारू लागला. त्या जपानी शब्दाला मराठी लिंग आणि वचन लागले हे त्याच्या गावीही नाही. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्हींचा आनंद आहेच. पण त्या मंडपातील कित्येक भाषणांपेक्षा पाळी सुटताना फाटकाबाहेर ऐकू येणारे मराठी अधिक धडधाकट आहे, हे म्हणायला आम्ही कचरणार नाही.

चिंता आहे ती त्या कामगाराच्या मुलाची. बापाचे मराठी त्याने अडाणी समजायला सुरुवात केली आहे, कारण बापाच्या वाक्यात इंग्रजी शब्द आहेत आणि शाळेच्या, कार्यालयाच्या, फलकाच्या वाक्यात नाहीत. त्याला सगळे सांगतात की फलकावरचे मराठी शुद्ध. तो पुढे शिकेल, त्याच कारखान्याच्या कार्मिक विभागात बसेल आणि ‘द्वारे’, ‘खात्री करा की’, ‘केले गेलेले आहे’ असे लिहू लागेल.

तेव्हा येत्या २७ फेब्रुवारीला स्पर्धा घ्यायचीच असेल तर ती जरा बदलून घ्यावी. कारखान्याच्या भिंतीवरचे दहा फलक उतरवून आणावेत. एका बाजूला मराठीचे पदवीधर बसवावेत (प्रस्तुत लेखक त्यांत बसायला तयार आहे), दुसऱ्या बाजूला यंत्रशाळेतील जुने फिटर आणि टर्नर. प्रत्येक फलक मोठ्याने वाचावा आणि दोन्ही बाजूंनी तो सरळ मराठीत सांगावा. हवे तेवढे इंग्रजी शब्द वापरण्याची मुभा दोघांनाही असावी. ‘द्वारे’ आले की बाद. त्यातून जे दहा फलक तयार होतील, ते दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या आधी भिंतीवर लावावेत.